सावरखोरीचा जबाबदार इसम

सावरखोरीत माणसाचा सत्कार व्हायचा म्हणजे एक तर पोरगं फौजदार झालेलं पाहिजे, नाहीतर म्हशीनं जिल्ह्यात नंबर काढलेला पाहिजे. गुंडाप्पा कोऱ्याचं यातलं काहीच नव्हतं. एक पोरगी होती ती धाराशिवला बी.कॉम. करत होती, आणि म्हैस दोन वर्षं भाकड. पन्नाशी उलटली तरी त्याच्या डोक्यावर कुणी फेटा म्हणून बांधला नव्हता. लग्नात बांधला होता, पण तो भाड्याचा, आणि वरात संपायच्या आत दुकानदार मागायला आला होता.

आणि असा गुंडाप्पा एका मंगळवारी संस्थेच्या ओट्यावर खुर्चीत बसला, त्याला अबोली रंगाचा फेटा बांधला गेला, शाल आली, नारळ आला आणि चेअरमन आण्णासाहेबांनी माईक हातात घेऊन सांगितलं, "चेअरमन येतील, चेअरमन जातील. पण आजपासून या संस्थेचा जबाबदार एकच. आपला गुंडाप्पा!"

टाळ्या! गुंडाप्पाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं हो.

आता ही संस्था म्हणजे श्री घाटमाथा खवा उत्पादक संस्था. भूमच्या बाजूला घाटावरची ही गावं, इथं ज्वारीपेक्षा खव्यावर माणसं जगतात. संस्थेच्या भट्टीवर गुंडाप्पा बावीस वर्षं उभा. धगीनं त्याच्या भुवया कधी धड उगवल्याच नाहीत. लांब दांड्याचं उलथनं घेऊन कढईतलं दूध घोटत राहायचं, घोटत राहायचं, खवा होईपर्यंत. बोलायचं काम नाही, विचारायचं तर त्याहून नाही.

मग हा जबाबदार कसा झाला? त्याचं असं झालं. संस्थेचा परवाना नवा करायचा होता आणि सचिव राघवेंद्र कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होता. त्यात एक चौकोन आला: 'संस्थेकडून काही गैर घडल्यास जबाबदार व्यक्तीचे नाव.' तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेना. राघवेंद्रनं नऊ संचालकांची बैठक बोलावली. या मंडळात पाणी पाजायच्या पदासाठीसुद्धा दोन गट पडायचे, डोकी फुटायची. पण त्या दिवशी पहिल्यांदाच एक पद रिकामं होतं आणि कुणाला नको होतं. शिवलिंगप्पा म्हणाले, माझं बीपी वाढतंय. बालाजी म्हणाला, मी सगळ्यांत धाकटा, मान थोरांचा. आण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघितलं, तर समोर धुरात गुंडाप्पा उभा.

"अरे, काखेत कळसा अन् गावाला वळसा!" आण्णासाहेब म्हणाले.

असं नाव लागलं. एवढ्यावर भागलं असतं, पण आण्णासाहेबांना सत्काराची हौस. शिवाय फेटा बांधलेला माणूस पुढं कधी नाही म्हणत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक. संस्थेच्या पाटीखाली दुसरी पाटी लागली, पिवळ्यावर लाल अक्षरांत: 'जबाबदार इसम: गुंडाप्पा कोरे'.

गुंडाप्पा फेट्यासकट घरी आला. हरणाबाई चुलीपुढं होती. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पगार वाढीवला का?"

"पगार कशाचा? मानाचं पद हाय."

"मानाचं पद भाकरीसंगं खात्यात का कालवणासंगं?"

गुंडाप्पाचं ध्यान फेट्याकडं. फेटा हलकेच उतरवून त्यानं धान्याच्या कोठीवर ठेवला आणि पोरं हात लावतील म्हणून वर टोपली झाकली. घरात पोरं नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पुढं जे झालं ते सावरखोरीतच होऊ शकतं. तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी आली नाही. फाट्यावर वीसेक माणसं ताटकळली. कुणीतरी तावातावानं ओरडलं, "ह्याला जबाबदार कोण?" आणि समोर संस्थेच्या भिंतीवर तर लाल अक्षरांत लिहिलेलं! दोघंजण तरातरा भट्टीवर गेले आणि गुंडाप्पाला घेऊन आले. त्यानं हात जोडले.

"चूक माझी झाली. पुन्यांदा असं हुणार न्हाय."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. आजवर डेपोत फोन करून करून त्यांचे घसे बसले होते, पण चूक माझी झाली असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. एक म्हातारा तर गहिवरला. दुसऱ्या दिवशी एसटी आली, म्हणजे गुंडाप्पानं शब्द पाळला, असं झालं.

मग काय विचारता! कुणाची कोंबडी हरवली, बोलवा गुंडाप्पाला. डीपी जळाला, बोलवा. वायरमननं वहीत कारण लिहिलं, 'गुंडाप्पा'. शाळेत गणिताचा निकाल पडला तर गुरुजींनी पालकांना सरळ भट्टीचा रस्ता दाखवला. शिवलिंगप्पांची सून माहेरी जाऊन बसली होती; सासू म्हणे सुनेचं चुकलं, सून म्हणे नवऱ्याचं, नवरा म्हणे आईचं. शेवटी गुंडाप्पाला गाडीवर बसवून व्याह्यांच्या दारात नेलं. त्यानं फेटा सावरला, हात जोडले आणि म्हणाला, "आवो, सगळी कसूर माझी हाय." सुनेला असं हसू फुटलं की ती त्याच गाडीच्या मागं रिक्षात बसून सासरी आली.

गावाला सुख लागलं. लोक नळ उघडे टाकून जाऊ लागले, गुरं दुसऱ्याच्या रानात सोडू लागले. काळजी कशाला? आपल्या गावानं माणूस नेमलाय की! गुंडाप्पालाही, खोटं कशाला सांगा, हे सगळं आवडत होतं. जन्मभर ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्याला आता अख्खं गाव विचारत होतं.

फक्त एका गोष्टीचं कुणी विचारत नव्हतं. खव्याचं.

खव्याचं असं होतं की दोन वर्षांपासून संस्थेच्या खव्यात 'मसाला' पडत होता. गोदामाची किल्ली आण्णासाहेबांकडं. ते स्वतः गोदाम उघडायचे आणि पांढऱ्या पिठाची बादली भरून भट्टीवर पाठवून द्यायचे. म्हणायचे, "गुंडाप्पा, मसाला घाल." खव्यात मसाला नसतो. खव्यात दूध असतं आणि घोटणाऱ्याचा जीव असतो, बस्स. हे बावीस वर्षं घोटणाऱ्या माणसाला कळत नव्हतं का? पहिल्याच दिवशी उलथनं जड लागलं, कढईच्या बुडाला लगदा चिकटला आणि गुंडाप्पाचा हात थबकला. हाताला कळलं. पण तोंडानं विचारलं नाही, आणि हात पुन्हा फिरू लागला. दोन वर्षं फिरतच होता.

येरमाळ्याच्या हायवेवरच्या एका पेढेवाल्यानं तक्रार केली तेव्हा कुठं वरून माणूस हलला. चैत्राच्या तोंडावर अन्न तपासणीच्या अधिकारी नीरजा मॅडम जीपमधून उतरल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, पायात साध्या चपला. त्यांनी बशीत चमचाभर खवा घेतला आणि पिशवीतनं आयोडीनची बाटली काढली.

"खव्यात पीठ असेल तर निळा होईल," त्यांनी सांगितलं आणि एक थेंब टाकला.

खवा असा निळा झाला की बघणारी दोन माणसं मागं सरकली.

आण्णासाहेब गडबडणारे नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, निळा रंग वाईट कसा? आपल्या महादेवाचा कंठ बी निळाच हाय."

"ते विष प्याले होते, आण्णासाहेब," मॅडम म्हणाल्या. "जबाबदार कोण?"

नऊ बोटं एकदम पाटीकडं गेली. अशी एकी मंडळात संस्था निघाल्यापासून झाली नव्हती. गुंडाप्पा तेव्हा गावात एका पाहुण्याची चप्पल हरवल्याबद्दल माफी मागत होता, निरोप मिळाला तसा धावत आला, फेटा सावरला आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाला, "चूक माझी झाली."

"कशाची?"

"काय बी असू द्या, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही जबाबदार. बरं. तुमच्या हाताखाली किती माणसं?"

"हाताखाली? कढई हाय."

"माल कोण खरेदी करतं?"

"आण्णा."

"गोदामाची किल्ली?"

"ती बी आण्णांकडंच."

मॅडम आण्णासाहेबांकडं वळल्या. "ज्याच्या हातात काहीच नाही, तो जबाबदार कसा? तुम्ही कुणाचंही नाव लिहून मोकळे व्हाल, असा कायदा नाही. यांना अधिकार दिल्याचा कागद असला तर दाखवा. चौदा दिवसांनी, पुनवेच्या आदल्या दिवशी चौकशीला येते. खटला होईल, शिक्षाही होऊ शकते. कुणावर, ते तेव्हा ठरवू."

जीप गेली. मंडळाची बैठक बसली आणि दारं लावली गेली. कागद नव्हता, तर कागद करायचा. त्यात काय एवढं! राघवेंद्रनं तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकून ठराव लिहायला घेतला. पण भीती ही अशी चीज आहे की माणसाला हात आखडता घेऊ देत नाही. एक म्हणाला, किल्लीचा अधिकार लिहा. दुसरा म्हणाला, खरेदीचा लिहा. तिसरा म्हणाला, भट्टी बंद करायचा बी लिहा, म्हंजे त्यानं केली न्हाय असं होईल. शिवलिंगप्पांनी तर संचालकांना बैठकीतून उठवायचाही अधिकार लिहायला लावला. गुंडाप्पा जेवढा मोठा, तेवढे आपण सुटलो, असा सरळ हिशेब. बारा अधिकार झाले. एवढे अधिकार निजामाच्या अमदानीत तालुकदारालाही नसतील. मग नऊ जणांनी आनंदानं सह्या ठोकल्या आणि कागद जुना दिसावा म्हणून राघवेंद्रनं त्यावर अर्धा कप चहा सांडला.

त्या संध्याकाळी आण्णासाहेब स्वतः गुंडाप्पाच्या घरी आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बाजेवर बसले, हरणाबाईनं दिलेलं पाणी प्याले आणि कागदाची नक्कल पुढं ठेवली.

"गुंडाप्पा, मॅडमला एवढंच म्हणायचं: मसाल्याचं मला एकट्याला ठाऊक हुतं. बाकी कुणाला न्हाय. तुझ्या शिवांजलीला संस्थेत चिकटवतो. माझा शब्द."

"आन ह्यांला?" हरणाबाई दारातून म्हणाली. "ह्यांला जेलात?"

"जेलात म्हंजे काय, वहिनी, चार-दोन महिनं. आन ते बी इज्जतीत. फेटा बांधून जाईल."

हरणाबाईनं हातातला तांब्या असा आपटला की आण्णासाहेब उठलेच. ते गेल्यावर ती कोपऱ्यात तोंड करून रडली. "हरभऱ्याच्या झाडावर चढीवलं तुमाला, आन तुमी चढलाव! मी तवाच म्हणत हुते."

शिवांजली सुट्टीला घरी आली होती. तिनं कागद एकदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचला आणि तिला हसू आवरेना. "अप्पा, ह्यात लिव्हलंय तुमी आण्णांना खुर्चीवरनं उठवू शकता!"

गुंडाप्पाला हसू आलं नाही. आपल्या तळहातांकडं बघत तो म्हणाला, "शिवे, जबाबदार म्हंजे नेमकं काय गं?"

"विचारल्यावर ज्याला उत्तर द्यावं लागतं, तो."

"म्हंजे त्याला ठाऊक आसाया पायजे."

"आता ते तर पायजेच की, अप्पा. तुमाला काय ठाऊक हुतं?"

गुंडाप्पा उठून म्हशीला वैरण टाकायला गेला. एसटीबद्दल, कोंबडीबद्दल, लोकांच्या सुनांबद्दल दिवसाला दहा वेळा "चूक माझी" म्हणणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीपुढं ते दोन शब्द काढता येईनात. लाज वाटली त्याला. पहिल्यांदा खरी लाज वाटली.

चौकशीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी चैत पुनव, येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा. सगळं सावरखोरी देवीला जाणार, चुन्याच्या रानात जाऊन चुनखडीचे खडे वेचणार. आणि या गावचा रिवाज असा की घरटी देवीला खव्याचा नैवेद्य. म्हणून त्या दिवशी पहाट फुटताच गुंडाप्पा भट्टीवर गेला.

गेली दोन वर्षं या दिवशी एक मजा होत होती. यात्रेच्या आधी एकेक संचालक एकटा-एकटा भट्टीवर यायचा, आजूबाजूला बघायचा आणि गुंडाप्पाच्या कानात सांगायचा, "आमचा देवीचा डबा हाय बरं का. बिगर मसाल्याचा कर. कुणाला बोलू नको." बालाजी असा आला, शिवलिंगप्पा असे आले, आण्णासाहेब तर सकाळी फिरायला म्हणून आले. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानंच सांगितलंय. लोकांच्या लेकराबाळांना काहीही खाऊ घालतील, पण देवीच्या ताटात पीठ वाढायची छाती नऊतल्या एकाचीही नव्हती.

यंदाही तेच. गुंडाप्पानं नऊ वेळा वेगवेगळं चोख दूध घोटलं. उलथनं कढईत असं सुळसुळ फिरत होतं की त्याला आपला हात पुन्हा तरणा झाल्यासारखा वाटला. नऊ स्टीलचे डबे भरले, नऊ चिठ्ठ्या चिकटवल्या. मग दहावी कढई चढवली. ती त्याची स्वतःची. त्याच्या डब्याला चिठ्ठी लागत नव्हती, आपला डबा आपल्याला कळतोच. आण्णासाहेबांनी गोदाम उघडून दिलं, लांबूनच म्हणाले, "ठिव आत फ्रीजरात, माझा तेवढा वर ठिव," आणि पुन्हा कुलूप लावून किल्ली घेऊन गेले.

अकराला नीरजा मॅडम आल्या. ओट्यावर टेबल मांडलं, एका बाजूला नऊ संचालक, दुसऱ्या बाजूला फेटा बांधलेला गुंडाप्पा. गाव सगळं समोर. हरणाबाई आणि शिवांजली लिंबाखाली.

मॅडमनी चहाच्या डागाचा कागद दोन वेळा वाचला. "गुंडाप्पा, या कागदाप्रमाणं किल्ली तुमच्याकडं, खरेदी तुमची, गोदाम तुमचं. हे खरं?"

आण्णासाहेबांनी खाकरून त्याच्याकडं बघितलं. 'व्हय' म्हटलं की गुंडाप्पा एकटा आत आणि शिवांजली नोकरीवर. 'न्हाय' म्हटलं की उद्यापासून भट्टी बंद आणि गावात उभं राहायची चोरी.

"कागदात हाय म्हंजे हाय, मॅडम," गुंडाप्पा म्हणाला. आण्णासाहेबांचे खांदे सैल झाले. तोवर गुंडाप्पा त्यांच्याकडं वळून म्हणाला, "आण्णा, किल्ली द्या."

"आँ? आत्ता कशाला?"

"माझा अधिकार हाय. तिसऱ्या नंबरचा."

"अरे पण आत्ता..."

"बाराव्या नंबरचा बी हाय. उठा खुर्चीवरनं."

समोरच्या गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. आण्णासाहेब उठले, कारण न उठावं तर कागद खोटा ठरत होता. पण किल्ली काही निघेना. ती होती त्यांच्या करगोट्याला, सदऱ्याच्या आत, लेंग्याच्याही आत.

"मॅडम, जरा तिकडं तोंड करा," आण्णासाहेब पडेल आवाजात म्हणाले.

मॅडमनी तिकडं तोंड केलं. गावानं नाही केलं. गाठ जुनी, घामानं आवळलेली. शेवटी बालाजीला वाकून दातानं सोडवावी लागली. तीन वर्षांपूर्वी गुंडाप्पाच्या हवाली केलेली किल्ली आज पहिल्यांदा गुंडाप्पाच्या हातात आली, ती पण ऊन-ऊन.

गोदाम उघडलं. भिंतीला लागून पिठाची पोती, छतापर्यंत; गुंडाप्पाच्या नावावर खपतील म्हणून कुणी हलवलीच नव्हती.

"अगं आई!" शिवलिंगप्पा म्हणाले. "हे कुठनं आलं? आमाला तर काहीच ठाऊक न्हाय!" बाकीच्यांनीही लगोलग कानांवर हात ठेवले. ठाऊक नाही, ठाऊक नाही, देवीची आण ठाऊक नाही.

"देवीची आण घेऊ नगा," गुंडाप्पा म्हणाला आणि फ्रीजरकडं गेला.

"त्यो बिघडलाय!" नऊतले चार जण एकदम ओरडले. गुंडाप्पानं झाकण उचललं. दहा डबे ओळीनं टेबलावर मांडले. वरच्या डब्यावर चिठ्ठी, 'आण्णासाहेब'. पुढचा 'शिवलिंगप्पा'. पुढचा 'बालाजी'. संचालक एकमेकांकडं बघायला लागले.

"तू बी?" शिवलिंगप्पा बालाजीला म्हणाले.

"आन तुमी बी व्हय, काका?"

मॅडमनी पहिल्या डब्यातला खवा बशीत काढला, थेंब टाकला. निळा नाही. दुसरा. निळा नाही. नऊच्या नऊ डबे झाले, खवा होता तसा. मग त्यांनी मागच्या खेपेला सील करून ठेवलेला विक्रीचा खवा घेतला, थेंब टाकला. निळा.

"देवीला चोख आणि लोकांना पीठ," मॅडम शांतपणं म्हणाल्या. "म्हणजे काय चाललंय ते तुम्हा नऊही जणांना ठाऊक होतं. नाहीतर वेगळा डबा कशाला सांगितला असता? एकाचं नाव लिहिलं म्हणून बाकीचे सुटत नाहीत. ज्यानं जाणूनबुजून होऊ दिलं, तोही तेवढाच."

नऊ माना खाली गेल्या. मॅडमनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "गुंडाप्पा, हा कागद बनावट आहे हे आंधळ्यालाही दिसेल. तुम्ही सांगकामे. तुमच्यापर्यंत काही पोचलं होतं असा पुरावा माझ्यापुढं नाही. तुमचं नाव मी काढते."

लिंबाखाली हरणाबाईनं पदर डोळ्याला लावला. शिवांजलीनं आईचा हात धरला. सुटलो बाई एकदाचे!

मॅडमनी वही मिटत शेवटचा डबा पुढं ओढला. थेंब टाकला, चोख. त्यांनी डबा फिरवून बघितला. "याला चिठ्ठी नाही. हा कुणाचा?"

नऊ जणांनी माना हलवल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. गावातही कुणाला माहीत नव्हतं. आण्णासाहेब म्हणाले, "आसंल कुणाचातरी." मॅडमही सोडून देणारच होत्या, डबा बाजूला सारायला त्यांनी हात लावला.

गुंडाप्पानं लिंबाखाली बघितलं. हरणाबाईला तो डबा ओळखू आला होता. लग्नात तिच्या माहेरून आलेला, बुडाला पोचा पडलेला. ती डोळ्यांनी त्याला सांगत होती, गप बसा, तुमाला माझी आण हाय, गप बसा.

गुंडाप्पानं डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला.

"माझा हाय," तो म्हणाला.

मॅडमचा हात थांबला. "विचार करून बोला."

"नेमलं तवा कुणी विचारलं न्हाय मला. आज तुमी विचारलं, म्हून सांगतो. मसाला ह्यांनी धाडला, पर कालवला ह्या हातानं. पैल्या दिशीच हाताला कळलं हुतं, मॅडम. दोन वर्सं झाली, म्या ह्यो खवा माझ्या घरी न्हेला न्हाय. माझ्या लेकीला कदी चारला न्हाय. दुसऱ्याची लेकरं खात हुती, ते दिसत हुतं मला." त्यानं दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. "एसटीची चूक माझी नव्हती. कोंबडीची नव्हती. ही हाय."

मॅडमनी वही उघडली आणि नऊ नावांखाली दहावं लिहिलं.

बालाजीनं भीत भीत विचारलं, "मॅडम, आता दहाजण झालो म्हंजे जबाबदारी दहात वाटून येणार ना? एकाच्या वाट्याला कितीशी?"

"वाटून नाही येत," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाची अख्खी."

"अख्खी? दहा अख्ख्या?" शिवलिंगप्पा मटकन खाली बसले.

दहाही डबे पुरावा म्हणून सील झाले आणि जीपमधून गेले. यंदा देवीला संचालकांच्या घरून खवा नाही हे सगळ्या गावाला कळलं. गर्दी पांगली तेव्हा कुणी गुंडाप्पाकडं आलं नाही. फाट्यावर दुपारची एसटी आलीच नव्हती, पण माणसं पाटीकडं न बघता मुकाट उभी राहिली, आणि एकानं मोबाईल काढून डेपोत फोन लावला.

हरणाबाई ओट्यावर आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"येडं हायसा तुमी," ती म्हणाली. "सुटला हुता की."

"व्हय."

"लेकीचा तरी इचार करायचा."

"केला, म्हून तर बोललो."

"आन उद्या देवीला काय न्यायचं?"

"गूळ न्हेऊ."

टेबलावर फेटा तसाच पडला होता. हरणाबाईनं तो उचलला, झटकला आणि नवऱ्याला खुर्चीत बसवलं, त्याच, जिच्यावरून त्यानं आण्णासाहेबांना उठवलं होतं. तिला फेटा बांधता येत नव्हता. तिनं आपल्या मनानं दोन-चार वेढे घातले, लई घट्ट घातले, आणि शेव खोचता खोचता म्हणाली, "आता बांधा. आता तुमचा हाय ह्यो."